आपल्या मुलखातले चित्रकार आणि त्यांची रीत

श्रोतेहो, आणि विशेषेकरून खेड्यापाड्यांतून शाळा चालवणाऱ्या शिक्षकबंधूंनो व भगिनींनो,

आकाशवाणीवरून चित्रांविषयी बोलायचं म्हणजे जरा अडचणीचंच काम. गाणं ऐकवता येतं, कविता म्हणून दाखवता येते. चित्र काही ऐकवता येत नाही. तरी विषय मी मुद्दाम हाच घेतला. कारण चित्र समोर असूनही ते न पाहण्याची एक सवय आपल्याला जडलेली आहे, आणि त्या सवयीविषयी बोलायला चित्र समोर असण्याची गरज नाही.

जिल्ह्याच्या गावी कधी काळी चित्रांचं प्रदर्शन भरतं. एखादा तरुण चित्रकार शाळेच्या सभागृहात पंधरा-वीस चित्रं टांगून दाराशी खुर्ची टाकून बसलेला असतो. लोक येतात, चहा पिण्याइतक्या वेळात सगळ्या चित्रांवरून नजर फिरवतात. एखाद्या चित्रात बैल, विहीर, नाहीतर ओळखीचा नेता दिसला तर मान डोलावतात. तसं काही दिसलं नाही तर कोणीतरी म्हणतो, "हे काय होय बाप्पा? समजून नाही राह्यलं." चित्रकार खाली मान घालतो. पुढच्या वर्षी तो पुण्याला नाहीतर मुंबईला जातो, आणि गावाला त्याचा पत्ता राहत नाही.

दोष कोणाचा, हा वाद मी घालत नाही. मला एवढंच सुचवायचं आहे की, चित्रापुढे उभं राहून "हे काय आहे?" असा प्रश्न आपण सगळ्यांत आधी विचारतो, तो थोडा मागे ठेवावा. त्याच्या आधी विचारण्याचा प्रश्न निराळा आहे: "ही रीत कोणाची?"

रीत म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्यासारख्या कॉलेजातल्या माणसाने सांगायला नको. रेडिओवर गाणं लागतं. निवेदकाने सांगितलेलं नाव तुमच्या कानावर पडलेलं नसतं. बैलांपुढे कडबा टाकता टाकता एक ओळ ऐकू येते आणि तुम्ही म्हणता, हे भीमसेन जोशी. कसं ओळखलंत? तोच अभंग दुसऱ्यांनीही गायलेला असतो. पण आवाजाची फेक, शब्दावर थांबण्याची जागा, परत समेवर येण्याची घाई किंवा सबुरी, यांवरून माणूस कळतो. घरात तीन सुना असल्या तर भाकर कोणाच्या हातची हे सासऱ्याला ताटात पडल्याबरोबर समजतं. तिफन कोणी धरली होती, हे उगवून आलेल्या तासांकडे पाहून सांगणारे म्हातारे आपल्याकडे आहेत. म्हणजे हात ओळखण्याची विद्या आपल्यापाशी आहे. फक्त ती आपण वावरात आणि चुलीपाशी वापरतो, चित्रापुढे वापरत नाही.

आणि मौज अशी की, रीत पारखण्याच्या या शास्त्रात आपल्या वाशिमचं नाव फार जुन्या काळापासून कोरलेलं आहे. वाशिमचं प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाचा मोठा नाटककार आणि साहित्यशास्त्री होऊन गेला. त्याने 'कर्पूरमंजरी' या आपल्या प्राकृत नाटकाच्या आरंभी काव्याच्या रीती सांगितल्या, त्यांतल्या एका रीतीचं नाव 'वच्छोमी'. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची, वाशिमची. 'काव्यमीमांसा' या ग्रंथात तर त्याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लावून दिलं आहे. गावावरून रीतीला नाव पडावं, हा मान थोड्या गावांना मिळाला. त्या गावच्या लोकांनी रीत ओळखायला कचरावं, हे बरं दिसत नाही.

आता कवितेवरून चित्राकडे येऊ. वत्सगुल्माच्या या वाकाटक शाखेतला हरिषेण हा राजा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. तसा शिलालेख त्या लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. आपल्या शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात. मुलं सोळाव्या लेण्यात ती मरणोन्मुख राजकन्या पाहतात: कललेली मान, मिटत आलेले डोळे, भोवती घाबरलेल्या सख्या. पण ज्या राजवटीत ही भिंत रंगली तिची राजधानी आपल्या वाशिमला होती, हे किती मुलांना सांगितलं जातं?

ही चित्रं कशी केली, तेही ऐकण्यासारखं आहे. खडकावर आधी चिखलाचा गिलावा. त्या चिखलात भाताचा कोंडा, गवताचे आणि झाडपाल्याचे तंतू. आपल्याकडे कुडाच्या भिंती लिंपताना चिखलात भुसा कालवतात, तीच ही जात. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. लाल आणि पिवळा गेरू, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुन्याचा पांढरा. निळा रंग मात्र दूर अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द नावाच्या दगडाचा. म्हणजे चिखल आणि गेरू इथला, निळा परमुलखातला. आणि दोन्ही एका भिंतीवर नांदले. बाहेरचं काही घेतलं की आपलं बुडतं, असं म्हणणाऱ्यांनी हा निळा रंग एकदा आठवावा.

आपण आज अजिंठ्याला 'प्राचीन कला' म्हणतो. पण वराहदेवाच्या दृष्टीने ते चित्रकार त्याच्या काळातले, आजच्या भाषेत 'समकालीन' होते. कोणी तरी त्यांना काम दिलं, मजुरी दिली, दिव्यांना तेल पुरवलं, आणि भिंत रंगत असताना उभं राहून पाहिलं, म्हणून ती चित्रं झाली. जाणकार सांगतात की एकाच लेण्यात निरनिराळे हात काम करत होते. रेषेच्या वळणावरून, बोटांच्या ठेवणीवरून ते वेगळे ओळखता येतात. पण त्या हातांचं नाव? मंत्र्याचं नाव आहे, राजाचं आहे, राजाच्या पूर्वजांची यादी आहे. ज्याने ती कललेली मान रेखाटली, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि आता कळण्याचा मार्गही दिसत नाही. सगळ्या जगाने डोक्यावर घेतलेली चित्रं, आणि चित्रकार बेनाव. माझ्या मते आजच्या विषयातली खरी हळहळण्याची गोष्ट ही आहे. कारण तेच आपण आजही करत आहोत.

दोन उदाहरणं अगदी आपल्याच मुलखातली घेतो.

पहिले सय्यद हैदर रझा. यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी झाला. वडील जंगलखात्यात. आज मंडला मध्य प्रदेशात आहे. पण रझा शिकत होते तेव्हा मंडला, नागपूर आणि आपला वऱ्हाड हे सारं मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होतं. लहानपणी रझांचं वर्गात लक्ष लागत नसे. त्यांचे प्राथमिक शाळेतले गुरुजी नंदलाल झारिया यांनी एक दिवस भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, बाकी सगळं विसरून याच्याकडे बघ. पुढे रझा नागपूरच्या चित्रशाळेत १९३९ ते १९४३ अशी चार वर्षं शिकले, मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले, १९५० साली फ्रान्सला गेले आणि पुढची साठ वर्षं बहुतेक तिकडेच राहिले. तिथे नाव झालं, पैसा झाला. पण मन भरेना. आपलं म्हणावं असं चित्रात काय आहे, याचा शोध ते घेत राहिले. आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या चित्रांत तोच ठिपका परत आला. मोठा, काळा, सगळ्या चित्राचा आस झालेला. त्याला त्यांनी 'बिंदू' म्हटलं. २०१६ साली ते वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना पुरलं.

रझांचं चित्र कुठे छापलेलं पाहिलंत तर "हा नुसता काळा गोळा काय?" असं म्हणू नका. त्या गोळ्याभोवतीचे लाल, शेंदरी, पिवळे पट्टे पाहा. ते रंग सातपुड्याच्या उन्हाळ्यातले आहेत. आणि शिक्षकमंडळींनी त्यातली दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी: एका खेड्यातल्या गुरुजींचा खडूचा ठिपका पाऊणशे वर्षं टिकला, आणि चित्रकाराने आठवणीने सांगितलं म्हणून गुरुजींचं नावही टिकलं.

दुसरे वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर; घराणं मूळचं गोव्याचं. यांच्या चित्रांत तर ठिपकाही नाही. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. रंगाचे थर आहेत. रुळाने रंग पसरायचा, सुरीने खरवडायचा, कागदाच्या तुकड्याने टिपून घ्यायचा, पुन्हा वर पातळ थर द्यायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००१ साली ते वारले, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आता त्यांच्या एकेका चित्राला कोटींनी किंमत येते. किंमतीचं मी कौतुक करत नाही. किंमत लिलावात ठरते, आणि लिलावाला डोळे असतातच असं नाही.

पण हे चित्र पाहायचं कसं? मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी धुऱ्यावर उभा राहिलेला शेतकरी आपल्या काळ्या वावराकडे पाहतो, तसं. तो काही शोधत नसतो. कुठे ओल जास्त, कुठे कमी, कुठे माती अजून भुरकी आहे, ढगातून आलेला उजेड कुठे पडला आहे, हे त्याचा डोळा आपोआप टिपत जातो. "हे वावर कशाचं चित्र आहे?" असं तो विचारत नाही. गायतोंड्यांच्या चित्रापुढे तेवढाच वेळ, तसंच उभं राहावं. रंगाच्या पोटातून रंग वर येताना दिसू लागतो. शेतकऱ्याला जे जमतं ते शहरातल्या घाईच्या माणसाला जमेलच असं नाही.

आता कोणी म्हणेल, ही माणसं नागपूर सोडून गेली, आपल्याला त्यांचं काय? ठीक. सुधीर पटवर्धन घ्या. जन्म १९४९, पुण्याचा. व्यवसायाने डॉक्टर, क्ष-किरण तपासणारे. ठाण्यात त्यांनी तीस वर्षं दवाखाना चालवला आणि बरोबरीने चित्रं काढली. विषय कोणते? इराण्याच्या हॉटेलात एकटा बसलेला माणूस, लोकलमधली गर्दी, बंद पडत चाललेल्या गिरण्यांचा लोअर परळ. रोज माणसाच्या आतली हाडं पाहणाऱ्या डोळ्याने बाहेरचा माणूस पाहिलेला आहे, ही यांची रीत. त्यांच्या चित्रातली माणसं देखणी नसतात, दमलेली असतात. वऱ्हाडातून कामासाठी मुंबईला गेलेला आपलाच एखादा भाऊबंद त्यांच्यात असू शकेल. २००८ च्या सुमारास पटवर्धनांनी आणखी एक काम केलं. आजच्या चित्रकारांची चित्रं गोळा करून त्यांचं प्रदर्शन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या इतर शहरांतून फिरवलं. चित्रकाराने रसिकाच्या दारी जाण्याचा हा प्रकार होता. आता रसिकाने दोन पावलं पुढे यायला हवं.

आणि जिव्या सोमा मशे यांची कथा तर सगळ्यांत बोधक आहे. डहाणू तालुक्यातले हे वारली चित्रकार. जन्म १९३४, मृत्यू २०१८. वारल्यांकडे लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ते काम सवाष्णींचं. जिव्यांनी ती रीत उचलली आणि लग्न नसतानाही, रोज, काढत सुटले. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे कलावंत त्या भागात गेले, त्यांनी कागद दिला, आणि जिव्यांचं काम भिंतीवरून कागदावर आलं. त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस, हे सगळ्या वारल्यांचं. पण मासे धरायचं जाळं काढताना सगळा कागद त्या एका जाळ्याच्या बारीक विणीने भरून टाकायचा, हे जिव्यांचं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अजिंठ्याच्या भिंतीवर जे घडलं नाही ते इथे घडलं: परंपरेतून एक माणूस नावानिशी पुढे आला. कारण कोणी तरी तिथे गेलं, पाहिलं आणि विचारलं, हा हात कोणाचा?

म्हणून आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. इथे चित्रांची मोठी संग्रहालयं नाहीत, हे खरं. पण पाहण्यासारखे हात नाहीत, हे खरं नाही. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला २०२४ साली बंजारा समाजाच्या वारशाचं संग्रहालय सुरू झालं. ते जरूर पाहा. आणि ते पाहून झाल्यावर तांड्यावरच्या एखाद्या आजीची कांचळी, तिचा फेटिया नीट पाहा. काचेचे तुकडे, कवड्या, आणि त्यांना धरून ठेवणारे टाके. चौकटीत चौकट, त्रिकोणाला त्रिकोण. लाल-पिवळ्याच्या शेजारी एकदम काळा घ्यायचं धाडस पाहा. रझांच्या चित्रात ज्याला आपण मोठी कला म्हणतो, तोच रंगांचा न्याय इथे सुईने केलेला आहे. पण आपण म्हणतो, "बंजारा भरतकाम". कोणाचं? एका तांड्यातल्या दोन बहिणींचं कामसुद्धा सारखं नसतं.

कारंज्याला काष्ठासंघाच्या जैन मंदिरात लाकडावरचं जुनं कोरीवकाम आहे. ते पाहायला जा आणि येताना आपल्या गावच्या सुताराकडे डोकवा. तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी तो लाकडी बैल करतो. एका सुताराच्या बैलाची मान ताठ, वशिंड उंच. दुसऱ्याचा बैल खाली मान घालून जणू जू ओढतो आहे. हीसुद्धा रीतच. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, गणपती घडवणारा, सुट्टीत घरी बसून तैलरंगात शेवंतीची नव्हे तर करपलेल्या सोयाबीनची चित्रं काढणारा एखादा चित्रकला शिक्षक, ही सगळी आपल्या मुलखातली, आपल्या काळातली कलावंत मंडळी आहेत. सगळ्यांचं सगळंच काम चांगलं असतं, असं मात्र समजू नये. कॅलेंडरवरून उतरवलेला देखावा आणि डोळ्यांनी पाहून काढलेला देखावा यांत फरक आहे. जिव्यांचे त्रिकोण उचलून बंगल्याच्या कुंपणावर छापले म्हणजे ती वारली कला होत नाही. रीत ओळखायला शिकलो की नक्कलही ओळखू येते. रसिकाने हे बोलूनही दाखवावं. कलावंताला खोट्या कौतुकाचा उपयोग नसतो.

इथे एक आक्षेप मला ऐकू येतो. मालाला भाव नाही, पाऊस वेळेवर नाही, २०१८ साली आपल्या जिल्ह्याला विकासात मागे राहिलेल्यांच्या यादीत बसवलं. आणि हे प्राध्यापक चित्रं पाहायला सांगतात! आक्षेप वाजवी आहे. चित्राने कर्ज फिटत नाही. पण ज्या बायांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाटा तुडवल्या, ज्यांना स्वतःचं छप्परही नव्हतं, त्यांनी त्या वाटेवर बसूनच कांचळ्या भरल्या. सुबत्ता येण्याची वाट पाहिली असती तर एक टाकाही पडला नसता. शिवाय पोटापाण्याचाच विचार केला तरी, पाहणारा आणि विकत घेणारा गावात असेल तर कलावंत गावात राहतो. नसेल तर आपली हुशार पोरं जातात, आणि त्यांच्याबरोबर आपल्या मुलखाकडे पाहण्याचा एक डोळाही जातो.

तेव्हा करायचं काय? शिक्षकांना मी तीन-चार साध्या गोष्टी सुचवतो.

शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, मुलं बसवता ते उत्तमच. पण वर्षातून एकदा परीक्षेखेरीज एक तास ठेवा. शाळेपुढचा कडुलिंब चाळीस मुलांना काढायला सांगा आणि चाळीसही चित्रं दोरीवर टांगा. कोणाचंही दुरुस्त करू नका. मुलांनाच विचारा, नाव न वाचता कोणतं चित्र कोणाचं, आणि कशावरून. तासाभरात 'शैली' या शब्दाचा अर्थ त्यांना कळेल, व्याख्या लिहून द्यावी लागणार नाही.

प्रदर्शनाला मुलांना नेलं तर वीस चित्रं दाखवू नका, तीन दाखवा. एकेका चित्रापुढे पान जमवून खायला लागतो तेवढा वेळ उभे राहा. डोळा आधी कुठे गेला आणि मग कुठे वळला, ते विचारा. चित्रकाराने काय काढलं नाही, काय सोडून दिलं, तेही विचारा. चित्रकार हजर असेल तर त्याला "हे काय आहे?" ऐवजी "हे कसं केलंत?" असं विचारा. मग पाहा तो कसा खुलतो. नागपूरला सहल गेली तर अजबबंगल्यात प्राण्यांपाशी जेवढा वेळ घालवता, त्याच्या निम्मा तरी चित्रांच्या दालनात घालवा.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. शाळेत एक वही घाला. आपल्या गावातला, शेजारच्या तांड्यावरचा, जो कोणी हाताने काही घडवतो, रंगवतो, भरतो, त्याचं किंवा तिचं नाव त्यात लिहा. गाव लिहा, साल लिहा, काय केलं ते लिहा, आणि त्या हाताची खूण कोणती ते दोन ओळींत लिहा. हे काम मुलंच करतील. त्यासाठी अनुदान लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरे.

वराहदेवाने लेणं दिलं, त्याबद्दल त्याचे उपकारच आहेत. पण शिलालेख कोरताना चित्रकारांच्या नावांसाठी आणखी दोन ओळींची जागा त्याने ठेवली असती तर आज आपण त्या नावांनी शाळांतले वर्ग ओळखले असते. त्याला ते सुचलं नाही. आपल्याला सुचायला हरकत नाही.